तिसरीची टाळी

भाषणाला आपलं नाव लागलंय म्हणून संस्कृतीनं आठ दिवस घर डोक्यावर घेतलं होतं, आणि तेच आठ दिवस तिच्या आईच्या, योगेश्वरीच्या, घशाखाली घास उतरत नव्हता.

भाषण होतं शफी सरांच्या निरोपाचं. सर गावच्या जिल्हा परिषद शाळेचे मुख्याध्यापक. त्यांची जन्मतारीख एक जून. त्यांच्या पिढीतल्या निम्म्या माणसांची तीच असते; नाव घालायला आणलेल्या पोराची तारीख आईबापाला सांगता आली नाही की तेव्हाचे गुरुजी एक जून टाकून मोकळे व्हायचे. त्यामुळं सर रिटायर होणार मेअखेर, म्हणजे ऐन सुट्टीत, रिकाम्या शाळेत. पोरं नसतील तर मी निरोपच घेत नाही, असं सरांनी सांगून टाकलं. मग एक मेलाच झेंडावंदन, निकाल, सरांचा निरोप आणि वर्षभर शाळेला हातभार लावणाऱ्या पालकांचा सत्कार, हे सगळं एकाच मांडवात उरकायचं ठरलं. सत्कार चार बायांचा होता. यादीत पहिलं नाव योगेश्वरीचं.

तेही तिला नकोच होतं. पण त्याहून नको होतं ते पोरीचं माईकपुढं उभं राहणं.

फिट म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं तोंडाला फेस आणि झाडलेले हातपाय येतात. संस्कृतीचं तसं काही नव्हतं. ती फक्त थांबायची. घास हातात तसाच, डोळे समोर, पापण्या किंचित थरथरतायत, आणि उजव्या हाताचा अंगठा फ्रॉकच्या काठावर घासतोय. दहा-बारा सेकंद. मग जिथं होती तिथून पुन्हा सुरू, आपण थांबलो होतो याचा पत्ताही नाही. पहिल्यांदा योगेश्वरीला वाटलं, पोरगी नाटक करतेय. तिसऱ्यांदा ती भागवतला, नवऱ्याला, घेऊन नगरच्या डॉक्टरांकडं गेली. डॉक्टर म्हणाले, हीही फिटच. सकाळ-संध्याकाळ गोळी दिली, चूल, विहीर आणि रस्ता सांभाळायला सांगितलं, आणि एक वही घालायला लावली: कधी आली, किती वेळ राहिली, दिवसातून किती वेळा. आकडा वाढला तर औषध बदलावं लागेल.

घरी आल्यावर सासूनं, मुक्ताबाईनं, दार लोटून घेतलं आणि सांगितलं, "पोरीची जात हाय. ह्या घरातलं ह्या घरात. उद्या सोयरीक निघाली की लोक हेच उकरून काढतेत."

योगेश्वरी अंबाजोगाईच्या कॉलेजात बीएस्सी झालेली. तिला सासूचं पटलं नव्हतं, पण तिच्याच्यानं खोडताही आलं नव्हतं. पोरीला पहिलीत घालताना तिनं एकट्या शफी सरांना सांगितलं, तेही ऑफिसात दुसरं कुणी नाही असं बघून. सरांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, भामाबाईंना खिचडीच्या खोलीत मदतीला माणूस पाहिजेच होतं, तुम्ही येत जा.

तेव्हापासून तीन वर्षं ती रोज शाळेत. तांदूळ निवडायचे, कोबी चिरायचा, वाचनालयाच्या पुस्तकांना कव्हरं घालायची. शिकलेली बाई, दूध डेअरीवाल्याची बायको, आणि कसलाही तोरा न्हाई, असं गाव म्हणायचं. कौतुक ऐकलं की योगेश्वरी नजर खाली घालायची. लोकांना तो विनय वाटायचा.

तिचे हात विळीवर असायचे आणि कान भिंतीपलीकडं. कुणी ओरडतंय का, कुणी पळत येतंय का. तीन वर्षांत तसं कधी झालं नाही. ऐकू यायची ती टाळी. एक-दोन-तीन-चार-पाच, एक-दोन-तीन-चार-पाच, एक-दोन-तीन. कुणाचं गणित बरोबर आलं की सगळ्या वर्गानं वाजवायची ती शाळेतली नेहमीची टाळी. बाकीच्या वर्गांत आठवड्यातून एखादी. संस्कृतीच्या वर्गात मात्र रोज. भामाबाई पळीनं खिचडी हलवत म्हणायची, "तिसरीची पोरं लई हुशार दिसतेत बाई. घडीघडीला टाळ्या." योगेश्वरीला ती टाळी ऐकली की बरं वाटायचं. टाळ्या चालल्यात म्हणजे सगळं ठीक चाललंय.

भाषणाचं कळलं तशी ती सरांकडं गेली आणि नाव काढा म्हणाली. सर कपाट आवरत होते.

"नाव काढलं तर पोरगी इचारंल, कावून काढलं," सर म्हणाले. "तुमी काय सांगणार?"

ती कपाटातून काढलेल्या वह्यांचा गठ्ठा उगाच नीट लावायला लागली.

"बोलू द्या तिला. पोरं हायेत ना."

हे ऐकून तिला सरांचा रागच आला. पोरांचीच तर भीती होती. एका पोरानं घरी जाऊन सांगितलं की दिवे लागायच्या आत गावभर.

एक मेला सकाळी साडेआठलाच मांडवाखाली घामाच्या धारा लागल्या होत्या. योगेश्वरीनं ठरवलं होतं, माईकच्या समोर, पहिल्या रांगेच्या कडेला बसायचं. पोरीचा चेहरा दिसला पाहिजे. अंगठा हलायला लागला की सरळ उठायचं, पाणी द्यायचं निमित्त करायचं आणि तिला खाली घ्यायचं. पाण्याची बाटलीही तिनं पिशवीत घेतली होती. पण शाळा समितीचे अध्यक्ष बंकटराव स्वतः उठून आले आणि चौघी बायांना वर स्टेजवर खुर्च्यांत नेऊन बसवलं. आज तुमचा मान, खाली कशाला बसता, म्हणाले. पिशवी खालीच राहिली. स्टेजवरून संस्कृती दिसणार होती ती पाठमोरी. दोन वेण्या, लाल रिबिनी आणि कोपर.

शेजारी जिनत होती, तिसरीतल्या उज्माची आई. तिनं हळूच विचारलं, तुमचे हात कावून एवढे गार पडले? योगेश्वरी म्हणाली, काही नाही, सकाळपासून चहा नाही.

समोर बायांत मुक्ताबाई डोक्यावरचा पदर घट्ट धरून बसली होती. पाहुण्यांच्या रांगेत जूनपासून चार्ज घेणाऱ्या गव्हाणे मॅडम होत्या, गेवराईकडून बदलून येणार होत्या.

पहिलीचं गाणं झालं. दुसरीच्या मुलानं गुलाबाचं फूल दिलं. मग संस्कृती आली. टाचा उंचावून माईकशी तोंड नेलं आणि नीट, न चुकता सुरू केलं. सर आम्हाला रोज हजेरीच्या वेळी एक कोडं घालतात. सरांनी शाळेमागं लिंबाची अकरा झाडं लावली. योगेश्वरीला सगळं पाठ होतं. ओठ न हलवता ती मनात पोरीबरोबर म्हणत होती. आठ ओळी झाल्या. नऊ. आता तीनच राहिल्या.

"सरांनी आम्हाला झाडांची नावं," संस्कृती म्हणाली, आणि थांबली.

योगेश्वरीनं अंगठा बघितला. तो फ्रॉकच्या काठावर फिरत होता.

ती उठायला गेली, पण पाण्याची बाटली खाली पिशवीत राहिली होती. कुठंतरी एका म्हाताऱ्यानं विचारलं, इसरली का काय? मुक्ताबाईचा पदर तोंडाशी गेला. एक सेकंद, दोन, तीन.

आणि खाली सतरंजीवरून टाळी सुरू झाली.

पहिली उज्माची. मग सगळी तिसरी. एक-दोन-तीन-चार-पाच, एक-दोन-तीन-चार-पाच. कुणी हसत नव्हतं, कुणी एकमेकांकडं बघत नव्हतं. पाढे म्हणावेत तशी ती पोरं टाळी वाजवत होती. एक-दोन-तीन. टाळी संपली तशी सगळी एका सुरात म्हणाली, "झाडांची नावं."

"शिकवली," संस्कृती म्हणाली, आणि पुढं निघाली.

मांडव खुलला. बंकटराव मांडीवर थाप मारून शेजारच्याला म्हणाले, बगा, पोरांला मधी घेऊन भाषण कसलं बसवलंय. भाषण संपल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. योगेश्वरीनं सरांकडं बघितलं. गुलाबी फेटा बांधलेले सर संस्कृतीकडं बघतच नव्हते. ते मनगटावरच्या घड्याळाकडं बघत होते.

मग तिला एकेक टाळी आठवायला लागली. तांदूळ निवडताना आलेली. कोबी चिरताना आलेली. गेल्या गुरुवारी जेवणाच्या सुट्टीआधी चार वाजल्या होत्या, आणि भामाबाई म्हणाली होती, आज तर पोरांनी कहरच केला. घरच्या वहीत त्या गुरुवारी एकच नोंद होती. डॉक्टरांनी मागच्या खेपेला तीच वही बघून मान डोलवली होती, चांगलं आहे, हाच डोस चालू ठेवा.

पुढचं तिला अर्धवटच ऐकू आलं. सर थोडंच बोलले. बायांचा सत्कार झाला. बंकटरावांनी माईकवर तिचं नाव घेऊन निःस्वार्थ सेवा, निःस्वार्थ सेवा असं तीनदा म्हटलं. तिच्या हातात नारळ आला, खांद्यावर शाल आली. उन्हाळ्यात शाल अंगावर घेऊन ती थंड पडली होती.

जेवणं वर्गात होती. तिसरीच्याच वर्गात बायांची पंगत. जिनत आणि भामाबाई वाढत होत्या. गव्हाणे मॅडम योगेश्वरीशेजारी येऊन बसल्या, मुक्ताबाई पलीकडच्या ताटावर. मॅडम चांगल्या बोलल्या. तुमच्याबद्दल सरांनी सांगितलंय, जूनमध्येही येत जा, म्हणाल्या. मग वरणात भात कालवता कालवता म्हणाल्या, "फक्त ते टाळ्यांचं मी बंद करणार आहे. मागच्या आठवड्यात शाळा बघायला आले होते, तर तिसरीत एका तासात दोनदा टाळ्या. शिक्षक शिकवतायत आणि मुलं मध्येच टाळ्या वाजवतायत. शिस्त नको का?"

योगेश्वरीनं दाराकडं बघितलं. बाहेर सरांबरोबर फोटो काढायला गर्दी होती. सरांची नजर एकदा तिच्याकडं आली, मॅडमकडं गेली, आणि त्यांनी मान वळवून पुढच्या फोटोला तोंड केलं.

"मॅडम, ती टाळी बंद करू नका," योगेश्वरी म्हणाली.

"का बरं?"

पलीकडून मुक्ताबाई खाकरली. मोठ्यानं, घरात खाकरायची तशी.

"ती माझ्या मुलीसाठी वाजते. तिला फिट येते. पडत नाही, फक्त थांबते. मघाशी थांबली ती विसरली म्हणून नाही." एकदा तोंडातून निघालं म्हटल्यावर ती थांबली नाही. "मी सेवा वगैरे काही केली नाही मॅडम. तिच्यावर लक्ष ठेवायला येत होते."

भामाबाईची पळी बादलीत तशीच राहिली. पंगतीतल्या दोघीतिघींनी माना वर केल्या. मॅडम हळहळल्या नाहीत, पाठीवरून हातही फिरवला नाही. त्यांनी विचारलं, "दिवसातून किती वेळा? आणि किती वेळ राहते?"

घरचं योगेश्वरीला मिनिटासह सांगता आलं असतं. शाळेतलं तिला काही म्हणजे काहीच माहीत नव्हतं, एका भिंतीच्या अंतरावर बसून.

"उज्माला बोलवा," ती जिनतला म्हणाली.

उज्मा आली ती गालात बुंदी घेऊनच. मॅडमना बघून सावधान उभी राहिली.

"टाळी वाजवायला कुणी शिकवलं गं?"

"सरांनी. पहिलीत." तिनं बुंदी गिळली. "तिला हात न्हाई लावायचा. हाका न्हाई मारायच्या. टाळी वाजवायची, आन् मग ती कुठं थांबलती ते सांगायचं."

"आन् मला कधी बोलली न्हाईस," जिनत म्हणाली.

"सर म्हणले, वर्गातलं वर्गात."

मुक्ताबाईनं मान खाली घातली आणि ताटातला भात उगाच सारखा करत राहिली.

"काल किती वेळा वाजवली?" योगेश्वरीनं विचारलं.

"काल तीनदा. परवा पाचदा." उज्मानं बोटं मोजली. "पण परवा एक टाळी दोन वेळा वाजवावी लागली. पहिली संपली तरी ती आली नव्हती."

योगेश्वरीला घरची वही आठवली. आकडा वाढला तर, असं डॉक्टर म्हणाले होते. किती दिवस वाढतोय तो, आणि आपण भिंतीपलीकडं टाळी ऐकून बरं वाटून घेत होतो.

मुक्ताबाईनं ताट पुढं सरकवलं. "दोनदा?" तिनं उज्मालाच विचारलं.

"हां आज्जी. दोनदा."

म्हातारीनं पदराला हात पुसले. मग पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात सुनेला म्हणाली, "भागवतला फोन लाव. दुधाचं दुसरं कुणी बघंल म्हणावं. उद्याच्या उद्या नगरला जायचं." आणि जिनतकडं वळून, "हिला बी संगं न्यावं म्हणते. डॉक्टरला हीच नीट सांगंल."

मॅडमनी पर्समधून पेन काढून दिला. योगेश्वरीनं निमंत्रणपत्रिका उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर तारखा घातल्या. उज्मा आठवून आठवून सांगत होती, सोमवारी दोन, शनिवारी एक, त्याच्या आधी आठवत न्हाई, हजेरीच्या वहीत सरांनी पेन्सिलीनं लिवलंय. तेवढ्यात बाहेर मांडवात टाळी झाली. एक-दोन-तीन-चार-पाच. मॅडम, जिनत, भामाबाई, मुक्ताबाई, सगळ्यांच्या माना एकदम दाराकडं वळल्या.

सर जीपमध्ये बसत होते. पोरं दोन्ही बाजूंनी उभी राहून त्यांना टाळी देत होती. योगेश्वरी उठून दारापर्यंत गेली, गर्दीत दोन लाल रिबिनी शोधल्या. संस्कृती पहिल्या रांगेत होती, आणि टाळी वाजवत होती, सगळ्यांच्या बरोबर, एकही न चुकवता.

योगेश्वरी दारातच उभी राहिली. पेन तिच्या हातात तसाच उघडा होता.