दोन अंड्यांचं कालवण

त्या रविवारी मनकर्णाबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. अर्जुनराव बाजेवर चहा पीत होते. लातूरच्या शिकवणीवर्गात शिकवणारी त्यांची लेक राजकन्या आदल्या सांजेलाच रेणापूरमार्गे गावी आली होती. दहाच्या सुमारास टॅब घेऊन सर्वेक्षणवाली दिपाली आली. एका संस्थेचा आहाराचा अभ्यास चालला होता. बायकांनी काल काय खाल्लं ते विचारून लिहायचं आणि बोटातून रक्ताचा थेंब घ्यायचा.

"बसा, इचारा," अर्जुनराव म्हणाले. "आमच्या घरात खाण्यापिण्याची ददात न्हाई."

दिपाली बाजेशेजारीच खुर्ची ओढून बसली. "मावशी, काल काय काय खाल्लं?"

"भाकर, वरण, मेथीची भाजी." मनकर्णाबाईंनी शेंगांवरची नजर काढली नाही. "सांच्याला अंड्याचं कालवण."

"तुम्ही स्वतः खाल्लं ना?"

"हाव की. न खाऊन कुठं जाते?"

"तिला काय इचारता," अर्जुनराव हसले. "उरलंसुरलं समदं तिच्याच पोटात जातं."

सगळेच हसले. मनकर्णाबाईही हसल्या.

राजकन्या हसली नाही. आदल्या रात्री माय सगळ्यांच्या शेवटी जेवायला बसली होती. टोपल्यातली अर्धी भाकर तिनं कालवणाच्या रिकाम्या पातेल्यात पुसून खाल्ली होती. ही रीत इतकी अंगवळणी पडलेली, की तिला कुणी रीतही म्हणत नसे. परक्या बाईसमोर बापाची लाज कशी काढायची, म्हणून राजकन्या गप्प राहिली. निदान तेव्हा तिनं स्वतःची तशी समजूत घातली.

मनकर्णाबाईंनी बोट पुढं केलं. थेंब फिका होता. दिपालीनं यंत्रातला आकडा दोनदा पाहिला आणि टॅबमध्ये भरला.

"किती आलं गं बाई?"

"आम्हाला सांगायची परवानगी नाही, मावशी. वरून कळवतील."

"कळवा मातर. हापशावरनं घागर आणताना लई दम लागून राहिलाय."

"वय झालं आता," अर्जुनराव म्हणाले. मनकर्णाबाई एक्कावन्न वर्षांच्या होत्या.

बुधवारी सकाळी त्या हापशाजवळ खाली बसल्या, त्या पुन्हा उठल्या नाहीत. लातूरच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, अंगात रक्तच नव्हतं, हृदय थकून गेलं. "आधी कधी तपासलं नव्हतं का?"

"तपासलं होतं," राजकन्या म्हणाली. "तीन दिवसांपूर्वी."

पत्र काही आलं नाही. सात महिन्यांनी संस्थेची माणसं मात्र आली. ग्रामपंचायतीच्या सभागृहात पडदा लावून मोठ्या साहेबांनी निष्कर्ष सांगितले. या गावात बायकांचं खाणं पुरेसं आहे, तरीही रक्त कमी आहे. कारण अज्ञान. बायकांना आहाराचं प्रशिक्षण द्यायला हवं. पुढच्या रांगेत अर्जुनराव मान डोलावत होते. भिंतीशी दिपाली खाली बघत उभी होती. मायचा आकडा तिनं थोड्या वेळापूर्वी दारातच राजकन्येच्या कानात सांगितला होता.

"कुणाला काही विचारायचंय?" साहेब म्हणाले.

राजकन्या उठली.

"विचारायचं नाही, सांगायचंय. माझी माय तुमच्याशी खोटं बोलली. तिला नवऱ्यासमोर विचारल्यावर ती दुसरं काय बोलणार होती? तिचं रक्त बारा हवं तिथं पाच पॉइंट आठ होतं. ते त्या दिवशी तुम्हाला माहीत होतं, तिला नव्हतं. आणि आता तिचंच खोटं पडद्यावर लावून तुम्ही तिला अडाणी म्हणताय."

"बस खाली, राजू," अर्जुनराव दबक्या आवाजात म्हणाले. "चार माणसांत काय हे."

"बसते, आबा. एवढं लिहून घेऊ द्या त्यांना." तिनं खुर्चीची पाठ घट्ट धरली. "त्या सांजेला घरात दोनच अंडी होती. एक आबांनी खाल्लं."

राजकन्या पडद्याकडं वळली.

"दुसरं मी खाल्लं. पातेल्यात काही उरलं नाही, हे मला दिसत होतं. माय म्हणाली, खा गं, माझ्यापुरतं हाय. आणि मी खाल्लं."