गाळलेलं पान

मित्रांनो, मी अंकांचं एक जुनं चित्रपुस्तक आहे. पानं दहाच, पण पुठ्ठा असा टणक, की आजकालच्या चकचकीत पुस्तकांनी माझ्या शेजारी बसायची हिंमत करू नये. पहिल्या पानावर एक हत्ती, दुसऱ्यावर दोन बदकं, तिसऱ्यावर तीन पोपट, चौथ्यावर चार आंबे. इंदूरच्याच एका छापखान्यात माझा जन्म झाला. मिलमधल्या बाबूरावांनी मला त्यांच्या नीरजसाठी घरी आणलं.

शिकवायच्या मात्र सुलोचनाबाई, बाबूरावांची बायको. शाळा जेमतेम दुसरीपर्यंत, पण हातोटी अशी की मास्तरांनी बघत राहावं. प्रत्येक चित्रावर पोराकडून एकेक शेंगदाणा ठेवून घ्यायच्या, मोजायला लावायच्या, मग खायला द्यायच्या. फक्त पोपट आले की दोन पानं एकदम उलटायच्या. ताटात कधी तीन पोळ्या न वाढणारी बाई ती. तीन म्हणजे अपशकुन. नीरजला पोपट संध्याकाळी बाबूराव दाखवायचे, म्हणून निभावलं.

आता बाबूराव नाहीत. नीरज आणि सूनबाई शिखा ऑफिसात, आणि नातीला, तन्वीला, शिकवायला एकटी आजी.

गेल्या मंगळवारी शाळेत मॅडमनी तन्वीपुढे चार ठोकळे मांडले. तिने एकेकावर बोट ठेवत मोजलं, "एक, दोन, चार, पाच." वर्ग हसला.

शिखा घरी आली ती तणतणतच. "आई, मॅडम म्हणतात, इसको नर्सरी में एक साल और बिठाओ. मैत्रिणी पुढे जाणार आणि ही तिथेच."

"मग पुस्तकातच खोट असेल," सुलोचनाबाई म्हणाल्या. "जुनाट झालंय. टाक रद्दीत."

माझ्यात खोट? माझे पोपट तीनच आहेत, कुणीही मोजून घ्यावेत. पण पुस्तकाला तोंड कुठलं? त्यांनी मला वर्तमानपत्रांच्या ढिगावर आपटलं.

तन्वी ढिगाशी येऊन बसली. "आजी, मी बुद्धू आहे का गं? सब हँस रहे थे."

सुलोचनाबाईंनी मला उचललं, पदराने पुसलं आणि पोपटांचं पान उघडलं. तिसरा शेंगदाणा ठेवताना हात अडखळला, पण ठेवला.

"हे तीन, बाळा. कुणी दाखवलंच नाही तर तू काय करशील? बुद्धू तुझी आजी."

शिखा दारात उभी होती. "हे मॅडमना सांगाल?"

"सांगेन. माझं नाक गेलं तरी चालेल, पोरीचं वर्ष जायला नको."

सांगितलंही. मॅडम म्हणाल्या, "ठीक है आंटीजी, सोमवार को फिर से पूछेंगे."

तेव्हापासून माझे पोपट रोज उघडतात. पण तन्वी "एक, दोन" म्हणते आणि थांबते. तीन तिला येतं, मित्रांनो. ती आधी आजीच्या तोंडाकडे बघते, म्हणू का नको म्हणून.

माझं पान फाटलं तर खळीने चिकटवता येईल, गाळलेलं पान तसं चिकटवता येत नाही. म्हणून घरातल्या मोठ्यांना माझं एवढंच सांगा: आमचं एकही पान गाळू नका. तुमची भीती मूल फार लवकर शिकतं, आणि ती विसरायला सोमवारपर्यंतचे दिवस पुरतील की नाही, मला माहीत नाही.