मधली खुर्ची

"मधे काही नाहीच," पेंटर म्हणाले.

"बाबा, मधे आम्ही दोघं आहोत," मुलगा म्हणाला. "अगदी मधोमध. टेप लावून मोजलंय. इकडून बावन्न, तिकडून बावन्न."

"तेच तर म्हणतोय मी."

मुलाने होणाऱ्या बायकोकडे पाहिलं. तिने ओठ दाबून हसू आवरलं. पोस्टकार्डाएवढा फोटो पेंटरांच्या हातात होता आणि ते तो कधी जवळ धरत, कधी लांब.

लग्न ठरलं त्याच दिवशी दोघांनी ठरवून टाकलं होतं, की ठरल्याचा फोटो आपला आपण काढायचा. परक्या माणसाने "हसा" म्हटलं की मुलीचे डोळे मिटत. शाळेपासूनच्या एकाही फोटोत ती जागी नव्हती. मग मुलाने मित्राचा कॅमेरा मागून आणला. मुलगा लिफ्टच्या कंपनीत दुरुस्तीला होता. त्याच्या उंचीमुळे मित्र त्याला शिडी म्हणत, आणि हळूहळू घरातही तेच नाव पडलं होतं. लिफ्टचा डबा दोन खांबांच्या मधून उतरताना दोन्हीकडची फट सारखी लागते. हे ज्याच्या हाडीमाशी मुरलंय, त्याने फोटोही तसाच काढला. भिंतीवर ओळंबा सोडला, कॅमेऱ्यावर लेव्हल ठेवून आतला बुडबुडा पाहिला, मग दहा सेकंदांचा टायमर लावून धावत येऊन उभा राहिला. पहिल्या तीन फोटोंत त्याचं फक्त कोपर आलं. चौथ्यात तो सगळा आला, पण जिना चढून आल्यासारखा धापा टाकत होता.

"पाटी कशी रंगवतात सांगू?" पेंटर म्हणाले. चाळीस वर्षं त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. "नाव मधे ठोकून दिलं की माणूस वाचतो आणि पुढं जातो. जरा बाजूला घेतलं की घटकाभर थांबतो. आणि पांढऱ्या भिंतीपुढं पांढरा सदरा कुणी सांगितला? तुझं मुंडकंच तेवढं हवेत तरंगतंय."

"मुंडकं दिसलं ना? म्हणजे काहीतरी आलंय."

"अंदाजाने बोललो," पेंटर म्हणाले, आणि ते अगदी खरं होतं.

त्यांना दिसत नव्हतं. सगळंच दिसत नव्हतं असं नाही. कडेकडेचं दिसायचं; दार, खिडकी, रस्त्यावरची सायकल. पण ज्याच्याकडे पाहावं, नेमकं तेच पुसलेलं. ओल्या रंगावर कुणी अंगठा फिरवावा तसा एक राखाडी डाग नजरेच्या मधोमध बसला होता. सहा महिन्यांपूर्वी एका पाटीवर दोन अक्षरं एकमेकांवर चढली, तेव्हा त्यांनी खांदा दुखतो म्हणून ब्रश धुऊन ठेवले. शिडीने खांद्याला चोळायला तेल आणलं. ते बिचारे रोज रात्री धडधाकट खांदा चोळत बसत.

सांगायचं होतंच, पण लग्नानंतर. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, त्यानंतर पहिल्यांदा घरात आनंद येत होता. त्याच्या वाटेत आपले डोळे कशाला आडवे घालायचे? देवाकडे एवढंच मागणं होतं, की डाग वाढण्याआधी सुनेचा चेहरा एकदा नीट पाहू दे. मुलगी समोर येई, बोले, हसे, मान वळवी. तिरक्या नजरेने तो चेहरा पकडेपर्यंत तो निसटून जाई. फोटोतला चेहरा मात्र हलत नाही. म्हणून तर पोरांच्या फोटोत ते एवढ्या खोडी काढत होते.

"मोठा काढा," ते म्हणाले. "खिडकीजवळ उभे राहा. उजेड एका बाजूनं येऊ द्या. आणि ती कॅमेऱ्यावरची फटफट वीज चमकवू नका. चेहरा कसा, भाकरी थापल्यासारखा सपाट होतो."

"बाबांना एवढं कळतं आणि आपण पुस्तकं वाचतोय," मुलगी म्हणाली.

पुढच्या रविवारी दुसरा फोटो आला. वहीएवढा. गडद कपडे, खिडकीचा उजेड. शिडी या वेळी धापा टाकत नव्हता, कारण त्याने उभं राहायच्या जागेपासून कॅमेऱ्यापर्यंतची पावलं मोजून आठवडाभर सराव केला होता. पण जित्याची खोड जाते कुठे. फोटोत दोघं पुन्हा मधोमध.

"हात चांगला आलाय," पेंटर म्हणाले. "खिडकीच्या गजावर ठेवलाय तो. बोटं जिवंत आहेत."

"आणि चेहरा?" मुलीने विचारलं.

"चेहरा..." पेंटरांनी फोटो जरा खाली धरला. "चेहरा अजून यायचाय."

"घ्या," शिडी म्हणाला. "डोळे उघडे ठेवता ठेवता हिच्या डोळ्यांना पाणी आलं, आणि चेहरा अजून यायचाय."

मुलगी त्यांच्या डोळ्यांकडे पाहत होती. ती चष्म्याच्या दुकानात काम करत होती. दिवसभर लोकांच्या नाकावर चौकटी चढवायच्या, उतरवायच्या, आणि ते कुठे पाहतात ते पाहायचं. फोटो पेंटरांच्या हातात होता, आणि त्यांची नजर होती फोटोच्या वर, भिंतीवरच्या घड्याळाकडे. वेळ विचारली असती तर त्यांना तीही सांगता आली नसती.

मंगळवारी दुपारी ती एकटीच आली. शिडी कामावर होता. तिने पिशवीतून एक कागद काढून टेबलावर ठेवला. वहीच्या चौकटींसारख्या बारीक रेघा होत्या त्यावर.

"बाबा, एक डोळा झाका आणि मधला ठिपका बघा."

पेंटर बराच वेळ बघत राहिले.

"ठिपका आहे का त्यात?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"तुझा शब्द म्हणून मानतो."

तिने दुसरा डोळा झाकायला सांगितला नाही. स्वयंपाकघरात जाऊन दोन कप चहा करून आणला. पेंटरांनी हात पुढे केला तो बरोबर कपाच्या कानाला लागला, आणि त्या एवढ्याशा यशानेही त्यांना बरं वाटलं.

"आमच्याकडे येतात अशी माणसं," ती म्हणाली. "नंबर वाढवून द्या म्हणतात. नंबराचा काही संबंधच नसतो. मोठ्या डॉक्टरांकडे जावं लागतं. गेलेलं परत येत नाही म्हणतात, पण राहिलेलं पुष्कळदा राखता येतं. उशीर केला नाही तर."

"लग्न होऊ दे."

"लग्नाला दोन महिने आहेत."

"शिडीला सांगू नकोस, पोरी."

"मी नाही सांगणार," ती म्हणाली. "तुम्ही सांगाल. रविवारी."

"आताच सासऱ्याला दटावतेस?"

"आताच सवय लावलेली बरी."

पेंटर हसले. मग हसू ओसरल्यावर म्हणाले, "मला भीती कशाची वाटते माहितीये? आंधळेपणाची नाही. तो सांभाळेल, तू सांभाळशील. पण तुझा चेहरा कसा आहे तेच मला माहीत नसलं, तर नातवंडांत तुझं काय काय उतरलंय हे मी कुणाला सांगणार? जन्मभर रंगाचं काम केलं. एवढं तरी दिसायला हवं."

मुलीने चहाचा घोट घेतला. "तुम्हाला कडेचं दिसतं ना? कुठल्या कडेचं जास्त?"

"दोन्ही कडांचं. मधे तेवढं देवानं स्वतःसाठी ठेवून घेतलंय."

"मग ठेवू दे," ती म्हणाली.

रविवारी दोघं आली ती एक मोठी गुंडाळी घेऊन. शिडी जरा रुसलेला होता.

"बाबा, ही ऐकतच नाही. हिनं सगळा फोटो बिघडवलाय. मला पार डाव्या टोकाला उभं केलं आणि स्वतः उजव्या टोकाला. मधे एवढ्या मोठ्या जागेत कुणीच नाही. आमचं ठरलंय का मोडलंय, बघणाऱ्याला कळायचं नाही."

"लाव भिंतीला," पेंटर म्हणाले.

शिडीने गुंडाळी सोडवून चार कोपऱ्यांना चिकटपट्टी लावली, आणि सवयीने लेव्हल लावून पाहिली. फोटो दाराच्या निम्म्याएवढा होता. पेंटर खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले आणि त्यांनी सरळ फोटोच्या मधोमध पाहिलं. तिथे राखाडी डाग होता, नेहमीसारखा. ते पाहतच राहिले.

आणि मग उजवीकडून, हळूहळू, चेहरा आला.

तरुणपणी ते बायकोबरोबर गाऊन कथा सांगणाऱ्यांना ऐकायला जात. सांगणारा ऐन रंगात आला की मधेच सूर सोडून थांबायचा. सगळी सभा श्वास रोखून असायची. बायको म्हणायची, देव गाण्यात नसतो हो, तो त्या थांबण्यात येऊन बसतो. तेव्हा ते तिला हसले होते.

"डावी भुवई उजवीपेक्षा वर आहे," पेंटर म्हणाले. "कुणी काही खोटं सांगत असलं की उचलतात तशी. हनुवटी लहान, पण हट्टी. केस कानामागे टाकलेत, एक बट मात्र ऐकत नाही. आणि डोळे उघडे आहेत. चांगले टक्क उघडे."

मुलगी खाली पाहत होती.

"आणि हा डावीकडचा," ते पुढे म्हणाले, "थेट आईवर गेलाय. हे माझ्या लक्षातच नव्हतं."

शिडीचा रुसवा कुठल्या कुठे गेला. "म्हणजे पास?"

"मधे खुर्ची आहे का रे? काहीतरी तपकिरी वाटतंय."

"आहे की. समोर तर दिसतेय." शिडी हसत म्हणाला, आणि मग हसायचा थांबला. त्याने वडिलांकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं, मग मुलीकडे.

"ती तुमच्यासाठी ठेवलीय," मुलगी पेंटरांना म्हणाली. "हा नुसता सराव होता. खरा फोटो आज काढायचा."

"बसतो," पेंटर म्हणाले. "त्याआधी शिडी, तू इथं बस. तुला एक सांगायचंय. आणि खांद्याचं तेल आता आणू नकोस, खांदा कधी दुखतच नव्हता."

सांगून व्हायला फार वेळ लागला नाही. शिडी गुडघ्यांवर कोपरं टेकून ऐकत होता. शेवटी त्याने एवढंच विचारलं, "डॉक्टरांची वेळ कधीची घेऊ?"

"घेतलीय," मुलगी म्हणाली. "बुधवारी दहाला. तू रजा टाक."

मग खिडकीजवळ खुर्ची ठेवली. शिडीने टेप काढली, वडिलांकडे पाहिलं आणि ती तशीच खिशात घातली. पेंटरांनी सदऱ्याची बटणं चाचपून लावली आणि पाठ ताठ करून बसले. मुलगी उजवीकडे उभी राहिली. टायमर लावून शिडी आला आणि डावीकडे उभा राहिला; या वेळी त्याने वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला.

"बाबा, तिकडे खिडकीकडे नका बघू," तो हळूच म्हणाला. "कॅमेऱ्याकडे बघा."

"कॅमेऱ्याकडेच बघतोय," पेंटर म्हणाले.

नजरेच्या अगदी कडेला टायमरचा लाल दिवा उघडझाप करत होता. ते मनातल्या मनात मोजू लागले.

फोटो चांगला आला. मुलीचे डोळे मात्र मिटलेले होते.

त्यांनी तोच भिंतीवर लावला.