झोप लागेपर्यंतची कविता

नागसेन कविता लिहायचा ती मुदखेडच्या स्टेशनवर, सकाळी, फलाटाच्या टोकाच्या बाकावर. घरी टेबल होतं, खुर्ची होती, पण तिथं बसलं की त्याला लाईट बिलाशिवाय दुसरं काही सुचत नसे. स्टेशनवर नांदेडला निघालेल्या गलांड्याच्या आणि मोगऱ्याच्या फुलांच्या गाठोड्यांचा ओला वास असायचा, रूळ धुक्यात कुठंतरी विरून गेलेले असायचे, आणि अर्धवट जागा माणूसच बरं लिहितो असं त्याचं ठाम मत होतं. कॉलेजात त्याचे तास दुपारचे, त्यामुळं सकाळ सगळी त्याचीच. ओळखीचे लोक जयभीम घालून विचारायचे, सर, उतरली का आज? आजाऱ्याच्या तापाची चौकशी करावी तशी मुदखेडची माणसं त्याच्या कवितेची चौकशी करत.

खरं तर तो तिथं बायकोची वाट बघत बसलेला असे. पंचशीला नांदेडच्या एका मोठ्या दवाखान्यात नर्स होती. रात्रपाळी उरकून सकाळच्या गाडीनं ती परत यायची. दोघं टपरीवर चहा घेऊन घरी जायचे. ती हातपाय धुऊन, खिडकीचा पडदा ओढून आडवी व्हायची, आणि नागसेन उशाशी खुर्ची घेऊन नवी कविता वाचायचा. आणि ती झोपायची. कधी तिसऱ्या ओळीला, कधी दुसऱ्या कडव्याला, पण झोपायची म्हणजे झोपायचीच. तो मात्र उरलेली कविता वाचून पुरी करायचा.

पिकतं तिथं विकत नाही, हे त्याला कळत होतं. तरी वाईट वाटायचंच. दुसरा एखादा नवरा असता तर रुसला असता, नाहीतर वाचणं सोडून दिलं असतं. नागसेन पडला कवी, त्यानं यातूनही शास्त्र काढलं. जिथं तिचा डोळा लागतो तिथं कविता सैल पडते, असं त्यानं मनाशी ठरवलं आणि त्या ओळीच्या पुढचं सगळं फाडून टाकायला लागला. बाईचा डोळा लागला की कवितेला फाशी, अपील नाही. वर्षं गेली तशा त्याच्या कविता आखूड होत गेल्या.

गंमत बघा, नाव झालं ते त्यामुळंच. लातूरच्या एका वाङ्मय मंडळाचे संगमेश्वर सर भाषणांतून सांगू लागले, की शब्द जपून वापरणारा कवी अख्ख्या मराठवाड्यात एकच, तो मुदखेडचा. त्याच्या चिमुकल्या कवितांवर कुणीतरी लांबलचक लेखही लिहिला. नागसेन कौतुक मान खाली घालून ऐकायचा आणि लोकांना तो विनय वाटायचा. त्याला मात्र एवढंच हवं होतं, की पंचशीलेनं एकदा तरी त्याची एखादी कविता शेवटापर्यंत ऐकावी. हे मागणं कुणाजवळ बोलून दाखवायची सोय नव्हती.

थंडीच्या दिवसांत संगमेश्वर सरांनी लातूरच्या कविसंमेलनाला बोलावलं आणि वहिनींनाही आणा म्हणून बजावलं. पंचशीला चक्क हो म्हणाली. रात्रपाळी संपवून नांदेडहूनच बस धरू, असं तिनंच ठरवलं. नागसेनला मात्र वेगळीच धास्ती पडली. घरात झोपते ते ठीक, पहिल्या रांगेत झोपली तर?

बस निघाली. बाहेर हरभऱ्याची शेतं दवात भिजून निवांत पडली होती, आणि काचेतून येणाऱ्या कोवळ्या उन्हात सगळी बस पेंगत होती. पंचशीला मात्र जागी होती. लोहा मागं पडल्यावर तिनं विचारलं, आईची वाचणार ना?

आईची कविता त्यानं फार पूर्वी लिहिली होती. महामायाबाई, त्याची आई, धर्माबादच्या बाजारात मिरचीचे देठ खुडायला रोजानं जायची. त्या कवितेच्या आता चारच ओळी उरल्या होत्या. लाल ढीग आणि पाठमोरी बाई, बस. पण त्या चार ओळी जिथं वाचाव्या तिथं टाळ्या घ्यायच्या. तो म्हणाला, वाचतो की.

"चार ओळी न्हाई म्हणत मी," पंचशीला म्हणाली. "सगळी वाचा. तिचा तो शेवट हाय ना, कोपराचा."

नागसेन तिच्या तोंडाकडं बघतच राहिला. तो शेवट त्यानं लिहिला त्याच दिवशी फाडला होता.

"तू तर झोपली होतीस," तो म्हणाला.

"डोळे मिटले होते. वार्डात रातभर कान टवकारून बसावं लागतं. कोण कण्हून राहिलं, कुणाचं सलाईन संपत आलं. घरी तुमचा आवाज ऐकला का वाटतं, आता कुणाला काही होत न्हाई. मग अंग सोडते मी. कान न्हाई सोडत."

आणि तिनंच त्याला त्याचा शेवट सांगितला. संध्याकाळी आई घरी येते. मिरचीनं हात आगीसारखे भडकलेले असतात. पोरगं धावत येऊन बिलगतं, पण त्याला हात लावायची सोय नाही. म्हणून ती कोपरानं त्याचा गाल कुरवाळते. पंचशीलेनं सासूला कधी पाहिलंही नव्हतं, ती या घरात येण्याआधीच महामायाबाई गेली होती. तरी ती म्हणाली, "हात भरलेले असले आन् पेशंट रडायला लागला, का मी बी कोपरच लावते त्याच्या गालाला. तुमच्या आईकडूनच शिकले ते."

नागसेनला रडू आलं, आणि भरल्या बसमध्ये त्यानं ते लपवलं नाही. आई एकदा गेली होती आणि मग त्यानंच तिला आपल्या हातांनी फाडून टाकलं होतं. आणखी कुणाकुणाला असं फाडलं असेल, कोण जाणे. अहमदपूर येईपर्यंत ती सांगत गेली आणि तो निमंत्रणपत्रिकेच्या पाठीवर लिहीत गेला. काही ओळी त्याच्या होत्या, काही तिच्या झोपेत भिजून वेगळ्याच झाल्या होत्या. कुठली कुणाची हे त्याला कळेना, आणि त्यानं कळून घ्यायचा हट्टही केला नाही.

लातूरचा हॉल भरलेला होता. संगमेश्वर सरांनी ओळख करून देताना हसत सांगितलं, की कुणी पाणी प्यायला उठू नका, येईपर्यंत कविता संपलेली असेल. पंचशीला पहिल्या रांगेत, मांडीवर पर्स घेऊन बसली होती. नागसेननं त्या चार ओळी वाचल्या. टाळ्यांसाठी हात वर झाले आणि तसेच राहिले, कारण तो पुढं वाचू लागला होता. संगमेश्वर सर खुर्चीत सावरून बसले.

दुसऱ्या कडव्याला पंचशीलेची मान शेजारच्या अनोळखी बाईच्या खांद्यावर कलली. मागं खसखस पिकली. कवीच्या बायकोनंच निकाल लावला, असं कुणीतरी हळूच म्हणालंही. मंडळाची एक बाई तिला जागं करायला लगबगीनं पुढं आली, तसा नागसेन वाचता वाचता थांबला.

"उठवू नका तिला," तो माईकवरून म्हणाला. "ऐकून राहिली ती."

मग आवाज जरा खाली आणून तो पुढं वाचत गेला, अगदी शेवटापर्यंत.