मोजणीपुरती मुलगी

झेलिहा अंगणातल्या तुतीखाली बसून घेवड्याच्या वाळल्या शेंगा सोलत होती. वारा कालव्याकडून यायला लागला, तसा तिने डोक्यावरचा रुमाल नाकाशी ओढला. त्या वासाची गावाला सवय झाली होती, तिला होत नव्हती. ज्या जमिनीतली दलदल उपसून तिच्या वडिलांच्या पिढीने गहू पिकवला, तिथे आता शहरातला कचरा कुजत पडला होता. कोंबड्यांची आतडी काय, दवाखान्यातल्या पट्ट्या काय, सगळे तिथेच. तिच्या थोरल्या भावाने, पेत्रितने, आधी वरची काळी माती रस्त्याच्या ठेकेदाराला विकली आणि मग उरलेला खड्डा कचऱ्याच्या ट्रकांना दिला. जमीन विकणारे पुष्कळ झाले, पण जमिनीची कातडी सोलून विकायची आणि आत घाण भरायची ही अक्कल सामुदायिक शेती गेल्यावरच्या नव्या राज्यातच सुचली.

शाबूत राहिली होती ती कालव्याकाठची एक पट्टी. झेलिहा तिच्यात घेवडा लावी आणि निम्मा भावाच्या घरी पोचता करी, कारण ती पट्टी म्हणजे भावाचे उपकार, असे सगळे म्हणत. तिचा नवरा ग्रीसमध्ये इमारतीवरून पडून गेला होता. त्याच्या वाट्याची जमीन दिरांनी ठेवून घेतली, पोटी मुलगा नाही म्हणून. झेलिहा आणि तिची लेक जगत होत्या त्या या घेवड्यावर.

आणि उपकार तरी कसले? सामुदायिक शेती मोडली तेव्हा जमीन माणशी वाटली गेली. घरात जितकी डोकी, तितक्या पट्ट्या. झेलिहाचे लग्न ठरलेले होते. नवरामुलगा ताटकळला, त्याच्या घरचे रुसले, पण बापाने आणि भावाने लग्न महिनाभर पुढे ढकलले. मोजणीवाले आले, झेलिहाला दारात उभे केले, तिचे डोके मोजले गेले आणि लगेचच्या रविवारी तिची पाठवणी झाली. गावातल्या कितीतरी घरांनी हेच केले. पुढे रीतीप्रमाणे बाकीच्या सगळ्या मुलींनी आपल्या डोक्याची पट्टी भावांना ‘सुखाने दिलं’ म्हणून देऊन टाकली; झेलिहाला अजून कुणी विचारले नव्हते. जी म्हणणार नाही, तिला माहेरचे दार बंद.

त्या दुपारी फाटकातून तिघे आत आले. पुढे पेत्रित, त्याच्यामागे हाइरेदिनकाका आणि शेवटी आई, नुरिए. आईला पेत्रितने वर्षभरात कुठे पाठवले नव्हते, आज आणले होते. झेलिहा काय ते समजली. तिने तिघांना आत बसवले आणि छोट्या कपांत कॉफी आणून ठेवली.

कपाला कुणी हात लावला नाही. मागणे घेऊन आलेला माणूस मागणे पुरे झाल्याशिवाय कॉफी पीत नाही, अशी तिकडची रीत.

"प्या ना काका, गार होतेय."

"गार करायची की नाही, ते तुझ्या हातात आहे पोरी," काका म्हणाले.

"एक सही हवीय, बाकी काही नाही," पेत्रित म्हणाला. "कालव्याकाठच्या पट्टीची. सही करून येताना शहरातून तुला नवा कोट घेऊ."

"तिथंही कचराच टाकणार ना?"

"तुला काय करायचंय? कचरा भाडं तरी देतो. तुझा घेवडा काय देतो? वारा."

"निम्मा वारा तूच खातोस, दादा."

काका हसले. "तोंड बघा हिचं. अगं, मुलगी म्हणजे परक्याचं धन. माहेरी ती पाहुणी. पाहुणीला कुठली जमीन?"

"मग मोजणीच्या दिवशी का नाही बोललात? ‘आमच्याच घरची आहे, मोजा हिला’ म्हणून तुम्हीच ओरडत होतात. मी दारात उभी होते काका, बहिरी नव्हते."

"ती सरकारी मोजणी. रीत वेगळी."

"म्हणजे सरकारपुढं मुलगी आणि रीतीपुढं पाहुणी. बरं जमवलंत."

पेत्रितने आईकडे मान वळवली. "सांग हिला. तू माहेरचा वाटा मामाला दिलास की नाही सुखानं?"

आईला खोकला आला आणि तिच्या शालीतून तोच कचऱ्याचा वास आला.

"आई कुठल्या खोलीत झोपते, दादा?" झेलिहाने विचारले.

"मागच्या."

"खड्ड्याच्या बाजूच्या."

"सही नाही केलीस, तर माझं दार तुला बंद," पेत्रित म्हणाला. "आई मेली तरी यायचं नाही."

झेलिहाला राग येईल असे वाटले होते, पण आली ती शिसारी. याच भावाच्या डोळ्यांत काही जाऊ नये म्हणून तिने लहानपणी मळणीच्या दिवसांत आपला रुमाल दिला होता. आज तो जिवंत आईच्या मरणाने तिला भिववत होता, आणि काका मिशीवरून हात फिरवत होते.

"सही नाही करणार," ती म्हणाली. "माझं डोकं मोजून आलेली पट्टी आहे ती. कॉफी प्यायची तर प्या, नाहीतर गार होऊ द्या."

काकांनी टोपी उचलली. तेवढ्यात आईने हात पुढे केला, आपला कप घेतला आणि गाळापर्यंत पिऊन खाली ठेवला.

"आई, काय करतेस?" पेत्रित म्हणाला.

"मला काही मागायचं नाहीये," नुरिए म्हणाली. "आणि मी तुझ्या मामाला दिलं ते सुखानं नाही दिलं. सगळे असेच येऊन बसले होते म्हणून दिलं."

"मग राहा इथंच."

"राहते."

दोघे निघून गेले. झेलिहाने त्यांचे भरलेले कप मोरीत ओतले, धुतले आणि आईसाठी पुन्हा कॉफी ठेवली, कारण आधीची गार झाली होती.

पेत्रितने सहीची वाटही पाहिली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी कचऱ्याचा ट्रक पट्टीच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. झेलिहा शेंगा खुडत होती आणि आई नेमकी ट्रकच्या वाटेत पाटी घेऊन बसली होती.

"बाजूला व्हा, आजी," ड्रायव्हर खिडकीतून म्हणाला. "पेत्रितची जमीन ना ही?"

"पेत्रितची तिकडे, वास येतोय ना तिथं," नुरिए म्हणाली. "ही माझ्या मुलीची." आणि ती पाटीतल्या शेंगा सोलू लागली.