फाटका खिसा आणि गाठोडं

पैशावरचं भाषण ऐकायला ताईला मुळीच जायचं नव्हतं.

ऑपरेशन थिएटरमधले सगळे तिला ताई म्हणत. सर्जन म्हणत, वॉर्डबॉय म्हणत, आणि भूल उतरताना अर्धवट जागे झालेले पेशंटही म्हणत, कारण त्यांच्या कानावर तेच नाव पडलेलं असे. थिएटरच्या त्या गार, हिरव्या खोल्यांत तिचे केस पांढरे झाले होते. अशा बाईला आता नोकरीच्या उतरणीवर कुणीतरी पगार कसा वापरायचा ते शिकवणार होतं.

"आम्ही पेशंटचा ताप मोजायचा आणि आमचा पगार कोण मोजणार, तर बाहेरची बाई?" ती मेट्रनला म्हणाली.

"ताई, तुम्हीच नाही आलात तर पोरी कशा येतील?" मेट्रन काकुळतीला आली होती. "इथे शिकतात, हात बसला की रस्ता ओलांडून समोर जातात. निदान हे तरी करून बघू."

समोर म्हणजे रस्त्यापलीकडचं नवं, काचेचं हॉस्पिटल. ते झाल्यापासून इकडच्या नर्सेसना गळती लागली होती. म्हणून व्यवस्थापनाने 'आर्थिक स्वास्थ्य' नावाचा उपक्रम काढला होता. अडीनडीला पगारातून उचल मिळणार होती, कर्जाचे हप्ते बसवून मिळणार होते, आणि प्रत्येकीला समोरासमोर बसून सल्ला. त्यासाठी एक सल्लागारबाई नेमल्या होत्या.

मेट्रनला एक गोष्ट ठाऊक नव्हती. काचेच्या हॉस्पिटलने ताईलाही विचारलं होतं, आणि ताईने मनातल्या मनात हो म्हणून टाकलं होतं. पैसा जास्त होता. पैसा जास्त असेल तिकडे जायचं, यात तिच्या लेखी विचार करण्यासारखं काही नव्हतंच.

सभागृहात ती मागच्या रांगेत बसली, झोप लागली तरी कुणाला दिसू नये म्हणून. सल्लागारबाई आल्या. ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या, चष्मा डोक्यावर चढवलेला. माइक सुरू होईना तेव्हा त्यांनी तो बाजूला ठेवला आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "पैशाचं सगळं शहाणपण मला आहे असं समजू नका हं. मी आयुष्यातला पहिला पगार एका दिवसात उडवलेली बाई आहे."

पोरी हसल्या. ताई मात्र ताठ झाली. तो आवाज, आणि तो पहिला पगार. तो कुठे आणि कशावर उडाला हे त्या सभागृहात फक्त दोघींना माहीत होतं.

"खिसा!" ती पुटपुटली. शेजारच्या पोरीने चमकून आपला खिसा चाचपला.

त्या काळी हॉस्पिटलच्या मागे नर्सेसचं होस्टेल होतं. ताई आणि ती एकाच खोलीत राहत. दोन लोखंडी खाटा, एक आरसा, आणि धोबीखान्याकडे उघडणारी एक खिडकी. दिवसभर खिडकीतून उकळलेल्या चादरींची वाफ आत येई. पुढे कितीतरी वर्षं तो ओलसर, साबणाचा वास कुठेही आला की ताईला भूक लागायची, कारण वाफ थांबली की जेवणाची घंटा होत असे. युनिफॉर्मला इस्त्री करायची म्हणजे घडी घालून गादीखाली ठेवायचा आणि वर निजायचं. सरळ निजलं तर इस्त्री सरळ. खिसा झोपेत लोळायची, त्यामुळे तिच्या युनिफॉर्मवर सकाळी नद्या-नाले उमटलेले असत.

नावं होस्टेलच्या रेक्टरबाईंनी ठेवली होती. ताई प्रत्येक नाणं रुमालात गाठ मारून ठेवायची, म्हणून ती गाठोडं. आणि दुसरीच्या हातात आलेला पैसा संध्याकाळ पाहत नसे, म्हणून ती फाटका खिसा. "देवाने काय जोडी जमवलीय," रेक्टरबाई म्हणायच्या, "एकीचं सुटत नाही, एकीचं टिकत नाही."

पहिल्या पगाराच्या दिवशी खिसा टेपरेकॉर्डर घेऊन आली. ताईने कपाळावर हात मारला आणि आठवडाभर तिच्याशी बोलली नाही. मग एके संध्याकाळी ती ड्यूटीवरून परतली तर खोलीत पाय ठेवायला जागा नाही. मजल्यावरच्या सगळ्या पोरी जमलेल्या, कुणी ओले केस पुसतेय, कुणी बटण लावतेय, कुणी नुसतीच भिंतीला टेकलीय, आणि मध्ये टेप गातोय. त्या दिवशी पुरुषांच्या वॉर्डात एक म्हातारा पेशंट गेला होता, आणि ज्या पोरीच्या हातात गेला होता तीही तिथे कोपऱ्यात बसून होती. ताई तिच्याशेजारी जाऊन बसली. पुढे ती स्वतःच शिल्लक पैशातून टेपचे सेल आणू लागली, पण हे तिने कधी कबूल केलं नाही.

दोघींनाही पहिली नेमणूक बाळांच्या वॉर्डात मिळाली होती. कमी दिवसांची, मुठीएवढी बाळं काचेच्या पेट्यांत निजलेली असत. खिशाचा हात फार हलका. रडून काळंनिळं झालेलं पोर तिच्या खांद्यावर गेलं की गप्प व्हायचं. ती मोठी नर्स होणार असं सगळेच म्हणत.

आणि एका सकाळी तिच्या खाटेवरची गादी गुंडाळलेली दिसली. ना निरोप, ना पत्ता. नोकरी सोडून गेली, एवढंच रेक्टरबाईंनी सांगितलं. ताई पुष्कळ दिवस दाराकडे बघत राहिली. मग राग आला, मग संसार आला, आणि तो राग खाली कुठेतरी दबून गेला.

भाषण संपल्यावर ताई मागच्या दाराने सटकणार होती. पण सल्लागारबाई पोरींच्या गर्दीतून वाट काढत थेट तिच्यापुढे येऊन उभ्या राहिल्या.

"गाठोडं," त्या म्हणाल्या, "मला वाटलं होतं तू ओळखणार नाहीस."

"आवाजावरून ओळखलं. रूप कुठे राहिलंय ओळखण्यासारखं?"

"तुझं तरी कुठे राहिलंय!"

दोघी हसल्या, पण मिठी वगैरे काही झाली नाही. मधे बरीच वर्षं उभी होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी सल्ल्यासाठी ताईची पाळी होती. होस्टेलच्या इमारतीत आता कार्यालयं झाली होती, आणि सल्लागाराला बसायला दिली होती ती रेक्टरबाईंचीच खोली. ताई आत शिरली आणि सवयीने दाराशीच हात मागे बांधून उभी राहिली.

"अगं, बस! आता ओरडायला कोणी नाही," खिसा म्हणाली. "मी पण पहिल्या दिवशी अशीच उभी होते दहा मिनिटं."

"आपली खोली बघितलीस?"

"बघितली. तिथे मोडक्या खुर्च्या ठेवल्यात. खिडकी आहे, पण धोबीखाना गेला. तिथे गाड्या लावतात."

ताई खुर्चीच्या कडेला टेकली. मग ताईच्या तोंडून इतक्या वर्षांचं साठलेलं निघालंच. "का गेलीस गं न सांगता?"

खिशाने चष्मा डोक्यावरून काढून टेबलावर ठेवला. "बाबा अंथरुणाला खिळले होते. इथला पगार पुरत नव्हता, तोही वेळेवर होत नव्हता. एका कंपनीत हिशेबाच्या कामाला मुलगी हवी होती, दुप्पट देत होते. गेले. मला कोणी थांबवलं नाही. म्हणजे दुष्टपणाने नाही, कोणाच्या डोक्यातच आलं नाही विचारायला, की बाई, का जातेस, काय अडलंय?"

"पण मला सांगायचंस!"

"तुला सांगितलं असतं तर तू गाठोडं सोडलं असतंस," खिसा म्हणाली. "आणि मी घेतलं असतं. तेच नको होतं."

ताईने खरंच सोडलं असतं. तेव्हाही, आणि आज विचारलं असतं तरी.

खिशाने पुढचं थोडक्यात सांगितलं. लग्न झालं, नवऱ्याचं दुकान बुडालं, दोन वेळच्या जेवणाची भ्रांत पडावी असे दिवस आले. त्यातून बाहेर पडता पडता पैशाची विद्या शिकली, आणि तीच विकून पोट भरू लागली. "चटके बसले की चूल कळते. पण हॉस्पिटलचं बोलावणं आलं तेव्हा दर किती हेसुद्धा विचारलं नाही मी. अजून फाटकाच आहे खिसा." मग तिने खुर्ची पुढे ओढली. "आता तुझं सांग. खर्च, घर, मुलगा, सगळं."

ताईने सांगितलं. नवरा अकाली गेला. मुलगा लहान होता. थिएटरला भत्ता जास्त, म्हणून बाळांचा वॉर्ड सोडला. 'फक्त वर्षभर' असं त्या वेळच्या मेट्रनला सांगून गेली होती. मुलगा शिकला, कमावता झाला, दुसऱ्या शहरात राहतो, ये ये म्हणतो. घराचे हप्ते कधीच फिटले. आणि शेवटी, आवाज खाली आणून, तिने समोरच्या हॉस्पिटलचंही सांगून टाकलं.

खिसा मधून मधून काही विचारत होती. मग ती मागे टेकली.

"गाठोडं, खरं सांगू? मला इथे माणसं टिकवायला ठेवलंय, त्यामुळे हे सांगणं माझ्या पोटावर पाय आणणारं आहे. पण तुला पैसे पुरतात. इथल्या थिएटरच्या भत्त्याशिवाय पुरतात, समोरच्या पगाराशिवाय तर पुरतातच. उद्या घरी बसलीस तरी पुरतील. आणि हे आजचं नाही, बऱ्याच वर्षांपासून पुरतायत. तुला सांगायला कोणी नव्हतं, इतकंच."

दुसऱ्या एखाद्या बाईला आनंद झाला असता. ताई भडकली.

"म्हणजे काय? मग इतकी वर्षं मी उगीच मर मर मेले? सणसणीत ताप असताना उभी राहिले, मुलाच्या शाळेतला एकही कार्यक्रम बघितला नाही, ते सगळं काय हौस म्हणून?"

"उगीच नाही गं. त्याच्यामुळेच तर पुरतायत."

पण ताई उठली होती. दार आपटून ती बाहेर पडली. त्या इमारतीत रेक्टरबाईंच्या राज्यात दार आपटायची कोणाची छाती झाली नव्हती.

चार-पाच दिवस ती कोणाशी धड बोलली नाही. थिएटरमध्ये काम बिनचूक होत होतं, पण सर्जनने विनोद केला तर ती मास्कमागेही हसत नव्हती. घरी गेल्यावर ती फक्त बसून राही. पैसे पुरतात. या दोन शब्दांचं करायचं काय तेच तिला कळेना. आजवर प्रत्येक गोष्टीचं उत्तर तिच्याकडे तयार असे, कारण प्रश्न एकच असायचा: परवडतं का? तो प्रश्नच कोणीतरी उचलून नेला होता, आणि रिकाम्या जागेत काय ठेवायचं ते सुचत नव्हतं.

मुलाचा फोन आला तेव्हा ती त्याला म्हणाली, "बाळा, मी कमी पगाराचं काम घेतलं तर तुला चालेल?"

पलीकडे तो दचकला. मग तो म्हणाला, "आई, तू बरी आहेस ना?"

"बरी आहे रे. बऱ्याच वर्षांनी बरी आहे."

दुसऱ्या दिवशी ती मेट्रनपुढे उभी राहिली आणि म्हणाली, "मला बाळांच्या वॉर्डात परत जायचंय."

"पण भत्ता जाईल, ताई. आणि तिथल्या इनचार्ज तुमच्यापेक्षा किती लहान आहेत, त्यांच्या हाताखाली—"

"जाऊ दे. मी वर्षभरासाठी आले होते थिएटरला. आता वर्ष झालं."

समोरच्या हॉस्पिटलला तिने नकार कळवला. तिकडच्या माणसाने पगार आणखी वाढवून सांगितला, तेव्हा ताईला हसू आलं. "तेवढे मला पुरणार नाहीत," ती म्हणाली, आणि तो बिचारा त्याचा अर्थ लावत बसला असेल.

सर्जनला कळलं तेव्हा ते तडक सल्लागाराच्या खोलीत गेले. त्यांचा आवाज जिन्यापर्यंत येत होता. "तुम्हाला माणसं टिकवायला ठेवलंय! आणि तुम्ही माझीच सिस्टर पळवता?"

"सर, ती रस्ता ओलांडून जाणार होती," खिसा शांतपणे म्हणाली. "ती फक्त वरच्या मजल्यावर गेली. खर्चात बघितलं तर तुमचा फायदाच आहे."

सर्जन बरेच दिवस फुरंगटून होते. नंतर मात्र कुठल्याशा कारणाने ते वर जाऊ लागले. "नवी पोरगी बरी आहे," असं ताईला सांगून जात, आणि तेवढ्यासाठी दोन जिने चढून येत.

बाळांच्या वॉर्डात सगळं बदललेलं होतं. पेट्यांवर आकडे लुकलुकत, नळ्या वेगळ्या, यंत्रं वेगळी. कालपरवाच्या पोरी ताईला शिकवत होत्या आणि ती मान डोलावून शिकत होती. पहिल्या दिवशी तिच्या हातून एक यंत्र उगाच किंचाळलं आणि धाकट्या इनचार्जबाईंनी ते हसत गप्प केलं. थिएटरचं पोलाद धरून धरून तिचे हात जड झाले होते. बाळ इतकं हलकं असतं हे ते विसरूनच गेले होते.

एका दुपारी खिसा वर आली आणि दारातच थांबली. ताईने आतून खूण केली. "आत यायचं तर हात धू."

खिशाने घड्याळ काढलं, बांगड्या काढल्या, बाह्या कोपरापर्यंत सारल्या. मग नळाखाली हात धरून ती बोटांच्या बेचक्या, नखं, मनगटं, शिकवलं होतं त्याच क्रमाने, सावकाश धुऊ लागली. ताई बघत राहिली. चुकली नाही कुठे.

एक बाळ त्या दिवशी घरी जायचं होतं. आईला तिच्या वॉर्डातून आणायला वेळ लागत होता आणि पोराने आकांत मांडला होता. इनचार्जबाईंनी ताईकडे बघितलं, ताईने खिशाकडे. गाउन चढवून खिशाने ते खांद्यावर घेतलं. पाठीवर तिचा तळवा एकदा, दोनदा फिरला आणि रडं हुंदक्यांवर आलं.

"गेलं नाही गं हातातलं," ताई म्हणाली.

खिशाने डोळे मिटले होते. ती जागच्या जागी डुलत होती.

"खाली लॅबमधले दोघं तुझी वाट बघतायत म्हणे. कर्जाचं विचारायला."

"बघू देत," खिसा कुजबुजली. "आत्ताच कुठे झोप लागतेय त्याला."