तेवढाच राहिलेला पाय

मित्रांनो, मी बाभळीच्या लाकडाची एक जुनी कुबडी आहे. परतूरजवळच्या खेड्यात सर्जेराव सुतारांनी मला तासून घडवले आणि काखेत रुतू नये म्हणून माझ्या माथ्यावर चिंध्या गुंडाळल्या. माझी मालकीण बेबीनंदा, पुंजाराम आणि कांताबाईंची एकुलती लेक. रांगत्या वयात तिला ताप आला. ताप उतरला, पण डावा पाय लुळा पडला.

"माय, ह्या पायाला काय झालं?" ती विचारी.

"निजलाय त्यो," कांताबाई भाकरी थापत सांगत. "तू मोठी झाली म्हंजी जागा व्हईल."

तेव्हापासून बेबीनंदाला मोठे होण्याची घाई झाली. झगा आखूड झाला की ती टाळ्या वाजवी. मी काखेला पुरेनाशी झाले की ती थेट सुतारांचे अंगण गाठी. "काका, मी वाढले! कुबडीला जोड लावा जल्दी!" सर्जेराव हसत आणि माझ्या खालच्या टोकाला लाकडाचा तुकडा ठोकून देत. त्या दिवसांत मला स्वतःचा फार अभिमान वाटे. आम्ही दोघी शाळेत सगळ्यांच्या आधी पोचत असू.

१९७४ च्या हिवाळ्यात पुंजारामांनी परतूरच्या बाजारातून तिला नव्या चपला आणल्या. उजव्या पायाला जुनी चप्पल कधीच लहान झाली होती. नवी बरोबर बसली. डाव्या पायातून मात्र नवी निसटून पडली. तिने जुनी घालून पाहिली. ती अजून नेमकी बसत होती.

बेबीनंदा उंबऱ्यावर दोन्ही पाय शेजारी ठेवून बघत राहिली.

"माय, मी वाढून राह्यले अन् ह्यो तेवढाच हाय. मंग जागा कवा व्हनार?"

"व्हईल, बाई," कांताबाई म्हणाल्या, पण त्यांनी चुलीकडून तोंड वळवले नाही.

त्या दिवसापासून बेबीनंदा अर्धी भाकरी गुपचूप शेळीला घालू लागली. तिची गालफडे बसली. तुरी झोडून झाल्या त्या सुमारास एका सकाळी आईने तिला गोठ्यात पकडले.

"अगं, उपाशी मरशील की!"

"मला मोठं व्हायचं न्हाई. मी जितकी वाढंल तितका ह्यो मागं राहील. न्हाई वाढले तर फरक तरी वाढनार न्हाई."

कांताबाई तिथेच शेणात बसल्या. "न्हाई जागा व्हायचा त्यो, लेकरा. मला पहिल्यापासून म्हाईत व्हतं."

बेबीनंदा रडली नाही. "मंग मला का न्हाई सांगितलं?" एवढेच तिने विचारले. आईने पदराने तिचे गाल पुसले.

अंग कोणाचे ऐकत नाही. ती वाढतच गेली. सर्जेराव म्हणाले, "आता जोड धरणार न्हाई, नवी कुबडी करू." तिने नकाराची मान हलवली. नवी घेणे म्हणजे आपण वाढलो हे कबूल करणे. बापाने समजावले, आईने पाया पडून विनवले, पण ती मलाच धरून वाकत चालत राहिली. तिचा खांदा उतरला, पाठीला बाक आला. वर्गातल्या मुली उंच होत गेल्या आणि ती शाळेत जाईनाशी झाली. शेवटी पुंजारामांनी तिला न विचारता नवी कुबडी आणली, तेव्हा पाठ सरळ होण्याची वेळ निघून गेली होती.

आता मी अंगणात सरपणावर पडून आहे. बेबीनंदा दारात बसून कापसाची बोंडे सोलते. ती पुन्हा शाळेत जाईल असे आता घरात कोणी म्हणत नाही.

मित्रांनो, लाकडाचे कोण ऐकणार? तरी सांगते. लेकरू आपल्या अंगाबद्दल विचारील तेव्हा त्याला गोड खोटे सांगू नका. खरे सांगा आणि सांगून झाल्यावर उठून जाऊ नका, त्याच्याजवळ बसा.

काल शेजारची चिमुरडी तिच्यापुढे उभी राहिली. "आक्का, तू अशी वाकली कशानं?"

बेबीनंदाने हातातले बोंड खाली ठेवले.

"वाढल्यानं," ती म्हणाली.